शाळेच्या आवारात माश्या-फुलपाखरांसाठी बाग : कोकणातल्या मंडळींचा सल्ला हवा

कातळावरची बाई | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार. मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटर आत, कातळावरच्या एका दोन शिक्षकी शाळेत मी शिकवते. पहिली ते पाचवी, पट सतरा. आवार साधारण दहा गुंठे. तीन बाजूंना जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) आणि चौथ्या बाजूला आमराई.

गेल्या वर्षी पोषण आहारासाठी परसबाग केली होती. पडवळ, दोडका, भेंडी, लाल भोपळा. भोपळ्याचा वेल पार कौलांवर गेला, फुलं भरपूर आली, पण इवलासा भोपळा सुपारीएवढा झाला की पिवळा पडायचा आणि गळायचा. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ह्येका काय झाला?" मला उत्तर येत नव्हतं. दोन दिवस सकाळी सातला जाऊन वेलाजवळ उभी राहिले. मादी फुलांवर कोणी फिरकतच नव्हतं. मग वाचून काढलं, आणि मुलांनी नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून त्यातले पराग मादी फुलाला लावले. नऊ फुलांना लावले, सहा भोपळे धरले. त्यातल्या एकाची भाजी शाळेत शिजली त्या दिवशी मुलं पानातल्या फोडी मोजत होती.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. माशी का आली नाही?

गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी पाच हजार रुपये दिले आहेत. त्यातून माश्या, भुंगे, फुलपाखरं येतील अशी बाग करायची आहे. रोपवाटिकेत विचारलं तर पेटुनिया, झिनिया, डबल जास्वंद आणि हिरवळीची लॉन अशी यादी मिळाली. मला इथलीच झाडं हवी आहेत. अडचणी अशा : माती जेमतेम वीतभर, खाली कातळ. विहीर एप्रिलच्या मध्यावर आटते. मे महिन्यात सुट्टी, म्हणजे पाणी घालायला कोणी नाही. वारा खारा. आणि पावसाळ्यानंतर गावातली गुरं मोकळी सुटतात.

काय लावू?

सातेरी | १२ जून, रात्री १०.२५

बाई, तुमचा भोपळ्याचा किस्सा वाचून बरं वाटलं. मुलांनी हाताने पराग लावले, हा धडा ती विसरणार नाहीत.

मी कुडाळकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पावसात आहे. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दहा-अकरापर्यंत मिटतं. त्या चार तासांत पाऊस कोसळत असेल तर माशी पोळ्याबाहेर पडत नाही. उरलेलं अर्धं उत्तर असं : आपल्याकडे लोकांना वाटतं की उन्हाळा हा माश्यांचा वाईट काळ. कोकणात उलट आहे. जानेवारी ते मे आपल्याकडे झाडं फुलतात. काजू, आंबा, अंजनी, सुरंगी, करवंद, जांभूळ, करंज. माश्यांची चैन असते. उपासमार होते ती जून ते ऑगस्ट. या दिवसांत मला पेट्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. रानातल्या माशीला कोण देणार?

म्हणून तुमच्या बागेत भर पावसाळ्यात फुलणारी झाडं आधी हवीत. भारंगी लावा. जुलैपासून फुलते, भुंगे आणि फुलपाखरं दोन्ही येतात, आणि तिच्या फुलांची भाजीही होते. करकणी लावा. तिचे पांढुरके गुच्छ दिसायला साधे, पण पाऊस जरा उघडला की त्यावर माश्या, गांधीलमाश्या, फुलपाखरं अशी झुंबड असते. तीळ, कारळा आणि तेरडा तर पेरूनच होतील.

पुण्यातली कोकणी | १३ जून, सकाळी ८.१०

छान उपक्रम! मी ऑनलाइन 'फुलपाखरू मिश्रण' म्हणून मिळणारी बियांची पाकिटं पाठवू शकते. कॉसमॉस, झिनिया, झेंडू वगैरे. महिन्याभरात रंगीबेरंगी होतं, मुलांना लगेच काहीतरी दिसेल. चालेल का?

रानवेडा | १३ जून, दुपारी १.३०

पुण्यातली कोकणी, तुमच्या मनातली भावना कळते, पण कॉसमॉस नको. त्याचं केशरी-पिवळं वाण सह्याद्रीत रस्त्याकडेला आणि पठारांवर इतकं पसरलंय की तिथली सोनकी, तेरडा, कवला यांची जागा ते खातंय. आपल्या कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात जी बारीक फुलं येतात, सीतेची आसवं, गेंद, कवला, त्यातल्या काही जाती जगात फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. शाळेच्या आवारातून बी उडून शेजारच्या सड्यावर जायला वेळ लागत नाही. झेंडूचं मूळ मेक्सिकोतलं असलं तरी तो असा मोकाट सुटत नाही, दसऱ्याला लागतोच, तो एका वाफ्यात राहू दे.

बाई, आता मुख्य मुद्दा. मी रत्नागिरीत असतो, वनस्पतिशास्त्र शिकलोय, आणि गेली काही वर्षं अशा बागा फसताना पाहिल्या आहेत. त्या फसतात कारण सगळे मधाचा विचार करतात आणि अळीचा कोणी करत नाही. फुलपाखराला मध कुठल्याही फुलावर मिळेल. पण अंडी ते ठरावीक झाडावरच घालतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन येतं. पपनस, लिंबू, माकडलिंबू असेल तर तिथे राणी पाकोळी म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन येईल, ज्याला २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू केलं. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट येतं, रुईवर प्लेन टायगर, सोनचाफ्यावर टेल्ड जे, शेरवडावर कमांडर. तुमच्याकडे बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ घालता, त्या झाडाच्या पानांवर मलबार बँडेड पीकॉकच्या अळ्या वाढतात. केरळने ज्याला आपलं राज्य फुलपाखरू केलं, तेच हे.

म्हणजे पानं कुरतडलेली दिसली पाहिजेत. ज्या बागेत एकही पान खाल्लेलं नाही, ती बाग माझ्या मते नापास.

दुसरं. जगात मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत, त्यातल्या बहुतेक पोळं करत नाहीत. एकेकट्या राहतात, आणि त्यातल्या कितीतरी उघड्या जमिनीत बोटभर बीळ करून राहतात. तुमची वांगी आणि टोमॅटो पाहा. त्यांच्या परागकोशाला टोकाशी फक्त बारीक भोक असतं. निळ्या पट्ट्यांची एक माशी असते, ती फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग झडतात. मधमाशीला हे जमत नाही. ती निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत, बांधात घर करते. तेव्हा सगळीकडे लादी किंवा पेव्हर ब्लॉक घालू नका. उन्हातला कोरड्या मातीचा एक तुकडा मोकळाच ठेवा.

आणि एक गृहपाठ : काहीही विकत घेण्याआधी गडग्यावर आणि गडग्याच्या कडेला आत्ता काय उगवलंय ते मुलांना घेऊन बघा आणि इथे लिहा.

कातळावरची बाई | १६ जून, संध्याकाळी ६.१५

गृहपाठ केला. मुलांना आजी-आजोबांकडून नावं विचारून यायला सांगितलं होतं. निघालं ते असं : करवंद तीन जाळ्या, कुडा दोन, अंजनी एक (मुलांनी तिला निळ्या फुलांमुळे ओळखलं, एप्रिलमधली आठवण होती), शेरवड बरंच, निरगुडी कोपऱ्यात, रुई बाहेरच्या बाजूला, करकणी. टाकळा सगळीकडे वर येतोय. कुर्डू पण. घाणेरीचं एक मोठं झुडूप. आणि पाठीमागच्या गडग्याला रानमोडी, ते मोकाट पसरणारं परकं झुडूप, पुरुषभर उंच.

मला रडूच आलं जरा. रोपवाटिकेत मी जे शोधत होते त्यातलं निम्मं इथेच होतं. आणि दरवर्षी १५ ऑगस्टच्या आधी झेंडावंदनासाठी आम्हीच ग्रास कटर आणून ते भुईसपाट करतो. मी स्वतः दोन वर्षं श्रमदानाची नोंद केली आहे, 'परिसर स्वच्छ केला' म्हणून.

रानवेडा | १६ जून, रात्री ८.५०

तुमच्या आवारात कोणी का फिरकत नाही, त्याचं एक उत्तर मिळालं.

जुलैअखेर ते सप्टेंबर हा अळ्यांचा ऐन हंगाम. टाकळ्यावर त्या काळात छोट्या पिवळ्या फुलपाखरांची अंडी असतात. ग्रास कटर फिरला की पानं, अळ्या, कोष सगळं एका सकाळी जातं. मग ऑक्टोबरात, जेव्हा फुलपाखरं सगळ्यात जास्त दिसायला हवीत, तेव्हा शाळा सुनी.

अंजनी जपा. ती फार सावकाश वाढते, तुमच्या पाच हजारांत ती विकत मिळणार नाही. तिच्या बुंध्याशी खणूसुद्धा नका. रानमोडी मात्र काढायची. नोव्हेंबरात फुलायच्या आत, आत्ता जुलैत माती ओली असताना मुळासकट उपटा. घाणेरी एकदम काढू नका असं माझं मत. ती परकी आहे, त्रासदायक आहे, पण आजच्या घडीला तुमच्या आवारातली फुलपाखरं तिच्यावर जगत असतील. आधी शेरवड आणि निरगुडी वाढू द्या, मग दोन वर्षांत घाणेरी टप्प्याटप्प्याने काढा. इथे काही जण माझ्याशी सहमत होणार नाहीत.

सातेरी | १६ जून, रात्री ९.२०

घाणेरीबद्दल मी सहमत नाही. दोन वर्षांत तिचं बी पक्षी अर्ध्या गावात पेरतील. आत्ताच काढा. बाकी सगळं पटलं.

दोन मुलांची आई | १७ जून, सकाळी ७.०५

मी शिक्षिका नाही, पालक आहे, आमची शाळाही अशीच आहे. वाचायला सगळं सुंदर वाटतं, पण एक विचारते, राग मानू नका. ग्रास कटर कशासाठी आणतात? फुरशासाठी. आमच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी एका मुलाला गवतात फुरसं चावलं. वाचला, पण महिनाभर पाय सुजलेला होता. माझी मुलगी पहिलीत आहे. फुलपाखरांसाठी तिथे गवत वाढवायला मी तरी हो म्हणणार नाही. शिवाय माश्या म्हणजे डंख. आणि २०२२ च्या पावसाळ्यात घोणस अळी अंगाला लागून माणसं आजारी पडल्याची ती बातमी आल्यापासून गावात अळी म्हटली की लोक घाबरतात.

कातळावरची बाई | १७ जून, दुपारी २.००

ताई, राग कसला. आमच्या व्यवस्थापन समितीतही कालच हेच बोलणं झालं, जवळजवळ याच शब्दांत. मलाही याचं उत्तर हवंय. सतरा मुलं माझ्या जबाबदारीवर आहेत.

रानवेडा | १७ जून, रात्री ९.३०

ताईंचा मुद्दा पहिला. बाग त्याच्या नंतर. फुरसं सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कातळावर भरपूर आहे. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं, आणि दगडाखाली, पालापाचोळ्यात दबा धरून बसतं. त्यामुळे सगळं आवार रान करायचं, असं मी कधीच म्हणणार नाही.

असं करा. वर्गखोल्या, स्वच्छतागृह, नळ, खेळाचं मैदान आणि बेड्यापर्यंतची (फाटकापर्यंतची) वाट, इथलं गवत घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, हवं तर दर पंधरा दिवसांनी कापा. पाठीमागच्या गडग्यालगत, वर्गापासून लांब, दोन-अडीच मीटरचा पट्टा ठेवायचा. त्यातही गवत नको, झुडपं हवीत. झुडपांखालची जमीन दिसली पाहिजे. पट्ट्याच्या पुढे चिऱ्यांची एक ओळ मांडा, मुलांनी ओळीच्या अलीकडून बघायचं, पलीकडे फक्त मोठ्यांनी, पायात बूट आणि हातात काठी घेऊन जायचं. सुटे दगड, कौलांचे ढीग, लाकडं तिथे रचायची नाहीत. कोणीही हाताने दगड उलटायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी. आणि जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पविषावरची लस आहे का, हे पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा विचारून या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर ती एकच लस चालते. चावलंच तर मुलाला चालवायचं नाही, बांधायचं नाही, कापायचं नाही, थेट गाडी.

माश्यांचं म्हणाल तर एकेकटी राहणारी माशी सहसा डंख करत नाही, तिला राखायला पोळं नसतं. आग्या मोहोळ मात्र वेगळं. शाळेजवळच्या उंच झाडावर ते लागलं तर दगड मारणं, धूर करणं अजिबात नको. अळ्यांचं साधं सूत्र मुलांना सांगता येतं : केसाळ, काटेरी ती हाताळायची नाही. घोणस अळीसुद्धा काटेरीच असते. कढीपत्त्यावरची, रुईवरची गुळगुळीत असते. तरी हात कोणालाच लावायचा नाही, बघायचं.

विषारी झाडांबद्दलही बोललं पाहिजे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून ती गडग्याबाहेर आहे ते उत्तम, आत आणू नका. कळलावी दिसायला देखणी, पण तिचा कंद जीवघेणा. सापसंदावर मोठं बर्डविंग येतं म्हणून ती लावायचा मोह होईल, पण तीही विषारी, प्राथमिक शाळेत नको.

दोन मुलांची आई | १८ जून, सकाळी ७.२०

चिऱ्यांची ओळ पटली. आमच्या सरांना हा धागा दाखवते.

आमराई | १९ जून, रात्री १०.००

नमस्कार. माझी देवगड तालुक्यात सव्वाशे कलमं आहेत. बाईंनी चौथ्या बाजूला आमराई आहे असं लिहिलंय, त्यावर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

आंब्याच्या एका मोहरात हजारभर फुलं असतात. त्यातली बरीच नर, थोडी उभयलिंगी, आणि शेवटी फळ टिकतं एखाद-दुसरं. हे परागीभवन मुख्यतः माश्या करतात. त्यात मधमाशीपेक्षा साध्या माश्या, फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या जास्त. आम्ही बागायतदार मोहरावर तुडतुड्यांसाठी फवारतो. पूर्वी मी दिवस-वेळ न बघता फवारायचो. सकाळी दहाला, फुलं उमललेली, माश्या बसलेल्या. मोहर भरगच्च यायचा आणि फळ धरायचं नाही, मग आम्ही हवामानाला दोष द्यायचो. हवामानाचाही दोष असतो, पण सगळा नाही. आता मी मोहराचे बोंगे फुटताना फवारतो, आणि फुलं उमलल्यावर अगदीच गरज पडली तर संध्याकाळी, वारा पडल्यावर. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या आत भिनतं, मधात-परागातही उतरतं, तेव्हा ते उमललेल्या मोहरावर नकोच.

तुमच्या शेजारच्या बागायतदाराला एकदा शाळेत बोलवा. त्याला दोष द्यायला नको, भोपळ्याची गोष्ट सांगा. आणि एवढंच मागा की फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप द्यावा. मुलांसाठीही ते हवंच.

कातळावरची बाई | २० जून, सकाळी ६.३०

आमराईकाका, हे मला सुचलंच नव्हतं. शेजारच्या बागेचे मालक आमच्याच शाळेत शिकलेले आहेत. जाते त्यांच्याकडे.

मालवणी मुलगो | २० जून, दुपारी १२.४५

बाईनू, एक सांगतंय. आमच्याकडे चवथीक गणपतीच्या वयर टांगतत त्या माटयेक जा काय बांधतत ता निम्म्याच्या वर तुमच्या गडग्यावर आसा. शेरवड, तेरडो, हरणा, कवंडळ. आमची आजी सांगी, माटयेचा सामान हाडताना वरबाडून हाडू नको, बुंधो ठेव, फुडल्या वर्साक तोच लागतलो. आता सगळा बाजारात इकत मिळता म्हणान पोरांनी रानात जावचा सोडल्यानी, झाडा वळकत नाय. तुमी काय करा, तो पाठचो पट्टो माटयेचो कोपरो म्हणान सांगा गावात. देवाच्या सामानाक कोण कोयतो लावूचो नाय. कटरवालोव थांबतलो.

कातळावरची बाई | २० जून, दुपारी १.१०

हे वाचून वर्गातच मोठ्याने हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरीही माटी बांधतात. मी लहानपणी वडिलांबरोबर शेरवड आणायला जायची. शेरवडाची ती पांढरी पानं लांबून चमकायची आणि वडील म्हणायचे, बघ, चवथ इली.

माटीचा कोपरा. ठरलं.

रानवेडा | २० जून, दुपारी ३.००

इतकी वर्षं मी 'परागवाहक उद्यान' असा फलक लावायला सांगत आलोय. पुढच्या शाळेत हेच सांगणार.

फक्त एक : रोपं किंवा फांद्या देवराईतून आणू नका. शेरवड, निरगुडी फांदीवर जगतात, गावातल्याच वईतून (कुंपणातून) घ्या. करवंद, जांभूळ, बहावा बियांवरून. जांभळाचं बी ताजं असतानाच पेरायचं, वाळलं की रुजत नाही. पाच हजार रोपांवर घालवण्यापेक्षा गुरांपासून राखणीवर घाला.

कातळावरची बाई | २१ ऑगस्ट, रात्री ९.१५

उशीर झाला लिहायला. काय काय केलं ते सांगते.

जुलैत दोन शनिवार पालकांनी रानमोडी उपटली. घाणेरी अर्धी काढली, अर्धी ठेवली, त्यामुळे सातेरी आणि रानवेडा दोघेही नाराज असतील, पण मला दोन्ही मुद्दे खरे वाटले. कातळात खड्डे होईनात, मग एका पालकांनी जुन्या घराचे चिरे दिले, त्यांची कंबरेइतकी चौकट करून त्यात तांबडी माती, शेणखत आणि पालापाचोळा भरला. त्यात भारंगी चार, कढीपत्ता तीन, तुळस, पपनस एक. गडग्याच्या कडेने निरगुडीच्या फांद्या खोचल्या, गुरं तिला तोंड लावत नाहीत. बहाव्याच्या शेंगा मुलांनी आणल्या आहेत, बी उकळत्या पाण्यातून काढून पेरलं. तिरफळाचं एक रोप एका आजीने दिलं, तिच्या परड्यातलं. कोकमाचीही रोपं देत होती, पण फुलं येईपर्यंत नर की मादी ते कळत नाही म्हणाली, आणि नर-मादीची झाडं वेगळी असतात हे मुलांना इतकं नवल वाटलं की आम्ही दोन लावलीच.

तेरा ऑगस्टला कटरवाला आला. समितीचे अध्यक्ष स्वतः चिऱ्यांच्या ओळीशी उभे राहिले आणि म्हणाले, "हय नको. ही माटयेची जागा." मैदान, वाट, वर्गाभोवतीचं सगळं स्वच्छ कापलं. मागचा पट्टा राहिला. झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने विचारलं की तेवढं का ठेवलंय, तेव्हा भोपळ्यावाल्या मुलीने (आता ती पाचवीत आहे) त्यांना नेऊन टाकळ्याचं पान उलटं करून अंडं दाखवलं. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, उभं, पांढरं. ते चष्मा काढून बराच वेळ बघत होते.

सातेरी | २१ ऑगस्ट, रात्री १०.०५

नाराज नाही. भारंगीवर कोण येतंय ते कळवा. आणि शाळेच्या जुन्या भिंतीत कुठे मेणाची बोटभर नळी बाहेर आलेली दिसली तर तिथे सिमेंट भरू नका. ती पोयाची माशी. डंखच नसतो तिला. मुलांना अगदी जवळून बघता येईल.

कातळावरची बाई | २२ ऑगस्ट, सकाळी ७.००

आहे! कार्यालयाच्या खिडकीखाली. आम्ही मुंग्यांचं काहीतरी समजत होतो. दिवाळीत रंगकाम ठरलंय, रंगाऱ्याला सांगते.

पुण्यातली कोकणी | २२ ऑगस्ट, सकाळी ९.४०

बियांच्या पाकिटांऐवजी मी एक भिंग आणि मुलांसाठी वह्या पाठवते. चालतील ना?

कातळावरची बाई | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.५०

चालल्या, आणि भरत आल्या. रोज मधल्या सुट्टीत दोन मुलं दहा मिनिटं एकाच झाडासमोर बसतात आणि किती जण आले ते लिहितात. नाव माहीत नसेल तर चित्र काढतात. भारंगीवर काळा मोठा भुंगा सगळ्यात जास्त वेळा. तुळशीच्या मंजिऱ्यांवर बारीक माश्या, इतक्या की दुसरीतल्या मुलाने 'मोजता येत नाही' असं लिहिलंय. निरगुडी अजून लहान आहे.

चवथीला मुलांच्या घरच्यांनी माटीचं सामान याच पट्ट्यातून नेलं, आजीने सांगितल्यासारखं, बुंधा ठेवून. तीन घरांच्या माटीला शाळेचं शेरवड होतं.

आणि कढीपत्ता. एका रोपाची पानं जवळजवळ संपली. आधी पानांवर पक्ष्याची विष्ठा पडलीय असं वाटत होतं, मग ती चालायला लागली. आठवड्यात त्या अळ्या हिरव्या झाल्या. एका मुलाने काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लाल शिंगं बाहेर आली आणि आंबूस वास सुटला. मी काडीही नको म्हणून ओरडले, पण वास सगळ्यांनी घेतला होता. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, माझो कढीपत्तो खाल्ल्यानी. दुसऱ्या दिवशी त्याच घरून एक रोप घेऊन आल्या.

राणी पाकोळी अजून अंडी घालायला आलेली नाही. पपनस गुडघ्याएवढं आहे. पण बुधवारी प्रार्थनेच्या वेळी एक मोठं, काळं-निळं फुलपाखरू मैदान ओलांडून आमराईत गेलं आणि सतरा मुलांनी प्रार्थना मध्येच थांबवली. मीही.

रानवेडा | ११ ऑक्टोबर, रात्री ८.००

ती रोपं उन्हाळ्यात कशी जगवणार, तेवढं आत्तापासून ठरवा. बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या, आणि पानगळ झाली की तो पाला जाळू नका, त्यात कोष असतात. फुरशाची भीती आहेच, तेव्हा पाला फक्त चिऱ्यांच्या चौकटीत, जमिनीवर नाही.

कातळावरची बाई | १२ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

मे महिन्याची पाळी लावली आहे. सतरा घरं, आठवड्यातून दोनदा प्रत्येकी एक कळशी. पुढचं वर्ष निघालं की मुळं कातळाच्या भेगेत जातील, असं आजी म्हणते.

आमराई | ९ जानेवारी, दुपारी ४.१०

बाई, तुमच्याकडे मोहर कसा आहे? आमच्याकडे या थंडीने चांगला फुटलाय. शेजाऱ्यांचं काय झालं?

कातळावरची बाई | ९ जानेवारी, रात्री ८.३०

काका, मोहर भरपूर. मुलं आता गडग्याच्या अलीकडून मोहरावरच्या माश्या मोजतात. घरमाशीसारखी दिसणारी हिरवी माशी सर्वात जास्त, तुम्ही म्हणाला होतात तशीच. आणि आज संध्याकाळी शाळा सुटताना शेजारचे मालक बेड्याशी येऊन सांगून गेले, "बाई, उद्या फवारतलंय. पोरा घराक गेली काय सहा वाजता सुरू करतंय. फुलल्याली झाडा सोडून."

फळ्यावर लिहून आले आहे. उद्या मोजणी चारलाच संपवायची.